टेकू

पावसाळ्याच्या तोंडावर मी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करते. तिथल्या भिंतीला ओल येते आणि पुठ्ठ्याच्या वस्तू फुगतात. कप्प्यात एक चपटा, मोठा खोका असतो. यंदा त्यातला पट थोडा उन्हात धरावा म्हणून उलगडला, तर घडीतून एक चिठ्ठी खाली पडली. पोस्टाच्या कुठल्याशा जुन्या फॉर्मचा पाठकोरा तुकडा, चार बोटं रुंद. त्यावर निळ्या शाईत, पट्टी धरून ओढल्यासारख्या सरळ शिरोरेषेखाली दोन ओळी: ‘बल्गेरिया – टेकू – बुडापेस्ट ते रुमानिया. काळा समुद्र – सेव्हस्तोपोल.’ आणि कोपऱ्यात, जिथे आपण तारीख घालतो तिथे, ‘शरद १९०२’.

अक्षर बाबांचं. चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ तशीच उभी राहिले. पटावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं तरी लक्षात आलं नाही.

खेळाचं नाव डिप्लोमसी. पटावर पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोप असतो. ऑस्ट्रिया-हंगेरी अजून अखंड आहे, वॉर्सा रशियाचं आहे, कॉन्स्टँटिनोपल तुर्कांचं. स्वित्झर्लंडमध्ये कुणालाच पाऊल टाकता येत नाही. सात खेळाडू, सात सत्ता. रशियाला सुरुवातीला चार सोंगट्या, बाकी सगळ्यांना तीन-तीन. नकाशावर ३४ ठिकाणी काळे ठिपके आहेत, ती रसदीची केंद्रं. त्यातली १८ ज्याच्या हाती आली तो जिंकला. काळ १९०१ च्या वसंतापासून सुरू होतो आणि वर्षाला दोन चाली होतात, एक वसंतात, एक शरदात. फासे नाहीत की पत्ते नाहीत. चालीच्या आधी ठरावीक वेळ बोलायला मिळतो, आम्ही पंधरा मिनिटं ठेवतो. कुणाला बाजूला घ्या, कुणाच्या कानात काय सांगायचं ते सांगा, काय कबूल करायचं ते करा. मग प्रत्येकाने आपल्या फौजांचे हुकूम चिठ्ठीवर लिहायचे, घडी करून मधोमध ठेवायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. बोललेलं पाळायलाच हवं असा नियम नाही. लिहिलेलं मात्र बदलता येत नाही.

नशिबावर ढकलायला त्यात काही उरत नाही. इतर खेळांत हरलं की दान वाईट पडलं म्हणता येतं. इथे हरलेला माणूस पटाकडे बघत नाही, समोरच्या चेहऱ्याकडे बघतो.

आमच्या घरात हा खेळ सुरू झाला की घराचा नकाशाच बदलायचा. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींच्या मागे फ्रान्स आणि इंग्लंड उभे. जिन्याच्या वळणावर जर्मनी कुणाची तरी वाट बघतोय. स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेलेला इटली पाच मिनिटं झाली तरी बाहेर येत नाही, आणि रशिया उगाचच फ्रिजपाशी रेंगाळतोय. आई पोहे परतता परतता सगळ्यांचं ऐकायची. तिच्यासमोर कोणीही बिनघोर बोलायचं, कारण ती खेळत नव्हती. तिला सातही जणांच्या मनातलं ठाऊक असायचं आणि तिने कधी एक अक्षर फोडलं नाही. मी पुढे इतक्या जणांबरोबर हा खेळ खेळले, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षीचा युरोप आठवायचा म्हटलं की मला आमच्या ओट्याजवळचा, मोहरी तडतडल्याचा आवाजच आधी ऐकू येतो.

सात माणसं एका रविवारी, सहा-सात तासांसाठी जमवणं सोपं नाही. आषाढातल्या एका रविवारी आमचा सातवा गडी कात्रजच्या पलीकडे पावसात अडकला. पट मांडलेला, सहाजण हात चोळत बसलेले. मामेभाऊ म्हणाला, “काका, तुम्ही बसता का?” बाबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तुर्कस्तानच्या खुर्चीत येऊन बसले.

पट बघून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “यात बसरा कुठे आहे?”

बसरा नव्हता. पटाची कडा सीरियाच्या पुढे संपते. बाबांचे एक चुलत आजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात माहीत होतं. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत असा एकजण असतो. १९१५ च्या डिसेंबरपासून कुत-अल-अमारामध्ये तुर्कांनी वेढलेल्या आणि १९१६ च्या २९ एप्रिलला शरण आलेल्या फौजेचं नावच सहावी पुणे डिव्हिजन होतं. तिच्यात मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला, आतल्या माणसांनी शेवटी घोडे आणि खेचरं खाल्ली. बाबांचे ते आजोबा त्यांत होते की नाही, ते कुणाला सांगता येत नाही. बाबांनी पटाच्या कडेवर, सीरियाच्या उजवीकडे, जिथे नुसता पुठ्ठा होता तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे साधारण इथे.” मग तुर्कस्तानच्या तीन सोंगट्या नीट ओळीत लावल्या. त्यांच्या घरातला माणूस ज्यांच्याशी लढायला गेला, त्यांच्याच बाजूने ते खेळायला बसले होते, आणि हे त्यांच्या ध्यानात आलेलं मला त्यांच्या बोटांवरून कळलं.

बाबा आरएमएसमध्ये होते. रेल्वेच्या डाकडब्यात रात्रभर उभं राहून पत्रांची वर्गवारी करायची. समोर कप्पेच कप्पे, प्रत्येकावर गावाचं नाव, गाडी हलतेय, आणि हात मात्र न चुकता कराड कराडात, सांगली सांगलीत टाकतोय. ते म्हणायचे, पत्रात काय लिहिलंय ते आपल्याला बघायचं नाही, पाकिटावरचा पत्ता खरा मानायचा आणि टाकायचं. एखाद्या पत्त्यावर शंका आली तर पाकीट उजेडाकडे धरून ते अक्षराचं वळण वाचायचे. तीस वर्षांत लाखो माणसांचं अक्षर त्या डोळ्यांखालून गेलं असेल.

हा खेळ शोधणारा माणूसही टपालातलाच, हे मी त्यांना नंतर सांगितलं तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले. ॲलन कॅल्हॅमर. लहानपणी घराच्या माळ्यावर त्याला एक जुनं भूगोलाचं पुस्तक सापडलं, त्यात आता अस्तित्वात नसलेल्या देशांचे नकाशे होते. पुढे हार्वर्डमध्ये सिडनी फे या इतिहासकाराकडे तो शिकला, ज्यांनी पहिलं महायुद्ध कशामुळे पेटलं त्यावर मोठा ग्रंथ लिहिलाय. खेळ त्याने १९५४ मध्ये रचला. कुठलीही कंपनी घेईना म्हणून १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती छापून घेतल्या. खेळ जगभर गेला, आणि हा माणूस इलिनॉयमधल्या आपल्या ला ग्रेंज पार्क गावात पोस्टमन म्हणून घरोघरी पत्रं वाटत राहिला. २०१३ मध्ये तो गेला. १९६३ पासून तर लोक त्याचा खेळ पत्रांतूनच खेळू लागले. एक चाल टपालाने जायची, आठवडे लोटायचे, मग दुसरी. कुणाचं काय ठरलंय ते पाकिटात बंद होऊन रात्रीच्या गाड्यांनी हिंडायचं. “म्हणजे सॉर्टरच्या हातून जायचं,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, स्वतःच्या खात्याचा.

नियमांच्या पुस्तकात ज्याला सपोर्ट म्हटलंय त्याला बाबांनी पहिल्याच डावात नाव दिलं, टेकू. पुढे आम्ही सगळेच तो शब्द वापरायला लागलो. त्यांच्या गावच्या घराची मागची भिंत एका पावसाळ्यात बाहेर झुकली होती. आजोबांनी बाभळीचा एक वासा तिरपा लावून तिला तात्पुरता टेकू दिला. दिवाळीनंतर भिंत बांधायची होती. तो वासा मी शाळेत असताना पाहिलाय, तोपर्यंत मुळं फुटल्यासारखा तो जमिनीत रुतलेला होता. भिंत अजून उभी होती. पेपरात सरकारला बाहेरून टेकू दिल्याच्या बातम्या येतात तेव्हा मला तो वासाच दिसतो, पावसात काळा पडलेला, भिंतीला खांदा लावून उभा.

या खेळात प्रत्येक फौजेचं बळ सारखं, एक. एकावर एक चालून गेला तर कुणीच हलत नाही. हलवायचं तर दुसऱ्या फौजेने टेकू द्यावा लागतो, आणि आपल्या एकट्याच्या फौजा लवकरच अपुऱ्या पडतात. मग शेजाऱ्याकडे जावं लागतं. टेकू देणारी फौज जागची हलत नाही. तिला त्या चालीत काहीच मिळत नाही. ती आपलं बळ दुसऱ्याच्या चालीत घालते आणि उभी राहते. आपल्या चिठ्ठीवर, आपल्या हाताने, दुसऱ्याचा फायदा लिहायचा. आणि टेकू देणाऱ्यावरच कुणी हल्ला केला तर तो टेकू तुटतो.

लोक या खेळाला दगाबाजीचा खेळ म्हणतात. आमच्यातही दार उघडतानाच ‘आज खंजीर कुणाच्या पाठीत?’ असं विचारायची पद्धत पडली होती. मला ते वर्णन कधी पटलं नाही. सहा तासांत दगा दोन-तीनदा होतो. टेकू दर चालीला दिला जातो, दहा-बारा वेळा, मुकाट्याने, आणि तो कुणाच्या लक्षात राहत नाही. ठरलं तसंच घडलं की त्यात सांगण्यासारखं काय असतं?

ज्या काळावर हा खेळ बेतलाय त्या काळातली एक भेट मला वारंवार आठवते. १९०८ चा सप्टेंबर. मोराव्हियातल्या बुखलाउ नावाच्या गढीत ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री एरेन्थाल आणि रशियाचे इझ्वोल्स्की भेटले. गढी होती काउंट बेर्चटोल्ड यांची, ते तेव्हा ऑस्ट्रियाचे रशियातले राजदूत. दोघं मंत्री बराच वेळ बोलत बसले. ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडून घ्यावा, रशियाने आड येऊ नये, आणि बदल्यात रशियाच्या युद्धनौकांना तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीतून वाट मिळावी, त्याच्या आड ऑस्ट्रियाने येऊ नये. असं काहीतरी ठरलं. काहीतरी म्हणते, कारण दोघांनी मिळून कागदावर काहीच उतरवलं नव्हतं. इझ्वोल्स्की इतर राजधान्यांची समजूत काढत युरोपभर हिंडत असतानाच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियाने बोस्निया घेतल्याचं जाहीर केलं. इझ्वोल्स्कींना सामुद्रधुनी मिळालीच नाही. पुढे दोघं आयुष्यभर वेगवेगळं सांगत राहिले की त्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं. रशिया ते विसरला नाही, सर्बियाही नाही. सहा वर्षांनी, १९१४ च्या जुलैत, सर्बियाला खलिता धाडायची वेळ आली तेव्हा व्हिएन्नात परराष्ट्रमंत्र्याच्या खुर्चीवर होते तेच बेर्चटोल्ड, गढीचे मालक.

त्या गढीतल्या खिडकीतून बाहेर काय दिसत असेल, याचा मी पुष्कळदा विचार केलाय. सप्टेंबर म्हणजे तिकडे पानं पिवळी व्हायला लागलेली असतील. दोन सुशिक्षित, उत्तम फ्रेंच बोलणारी माणसं. त्यातल्या एकाने दुसऱ्याचं म्हणणं ऐकून मान हलवली असेल. आमच्या गॅलरीत चादरींच्या मागे अशा कितीतरी माना हलल्या आहेत.

माझीही हलली होती.

शरद १९०२. मी ऑस्ट्रिया होते. माझी एक फौज बुडापेस्टमध्ये, एक सर्बियात, आरमार ग्रीसमध्ये. बाबांची फौज बल्गेरियात आणि आरमार काळ्या समुद्रात. आमच्या दोघांच्या डोक्यावर रुमानियात मामेभाऊ बसला होता, रशिया. गॅलरीत बाबा हळू आवाजात म्हणाले, “तू बुडापेस्टवरून रुमानियावर जा. सर्बियातून तुझा टेकू, बल्गेरियातून माझा. तो सेव्हस्तोपोलवरून टेकू घेईल, तर तो मी समुद्रातून तोडतो.” त्यांनी सगळं मोजून ठेवलं होतं. मी म्हटलं, “ठरलं.” त्यांनी परत विचारलं नाही. पावसाची सर आली होती, एक चादर भिजत होती, ती त्यांनी ओढून दांडीच्या आतल्या बाजूला घेतली आणि आत गेले.

जिन्यात इटली भेटला. तो म्हणाला, तुर्कस्तान कोपऱ्यात आहे, आत्ता नाही घेतलास तर कधीच घेता येणार नाही. खोटं नव्हतं ते. तुर्कस्तानला त्याच्या कोपऱ्यातून उपटणं फार अवघड असतं. मी बसले आणि लिहिलं: सर्बिया बल्गेरियावर. ग्रीसच्या आरमाराचा त्याला टेकू. बुडापेस्ट जागेवर. लिहिताना माझा हात थरथरला नाही, हे मला स्वच्छ आठवतंय. मी फक्त आकडे मोजत होते.

चिठ्ठ्या उघडल्या. क्रमाने वाचायच्या असतात, ऑस्ट्रिया पहिला. मी माझी वाचली. खोलीत एक ‘ओहो’ उठला, मामेभावाने टाळी दिली. मग इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, रशिया. शेवटी तुर्कस्तान. बाबांना आपली चिठ्ठी वाचायची आता गरज नव्हती, काय होणार ते कळलंच होतं. तरी त्यांनी घडी उलगडली, चष्मा सारखा केला आणि डाकडब्यात गावं वाचत असतील त्याच सुरात वाचलं: “बल्गेरिया, टेकू, बुडापेस्ट ते रुमानिया. काळा समुद्र, सेव्हस्तोपोल.” दोन्ही हुकूम माझ्यासाठी होते. ज्या चालीला त्यांचा टेकू होता ती चाल मी लिहिलीच नव्हती.

बल्गेरियातल्या फौजेला कॉन्स्टँटिनोपलला माघार घेता आली असती. बाबांनी ती सोंगटी दोन बोटांत उचलली, क्षणभर तळहातावर ठेवली आणि खोक्यात टाकली. एक केंद्र गेलं म्हणजे हिवाळ्यात एक फौज कमी करावीच लागणार, ती आत्ताच केली. मग मला म्हणाले, “चहा टाकतेस? थोडं आलं घाल.”

मी आत जाऊन आलं किसलं. आई ओट्यापाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

पुढचा डाव सांगत नाही. माझ्या मागच्या बाजूने इटली ट्रिएस्टमध्ये शिरला आणि १९०५ पर्यंत मी पटावरून गेले. बाबा तीन केंद्रांवर, आपल्या कोपऱ्यात, शेवटपर्यंत टिकले. मला त्या रात्री झोप लागली नाही ती हरल्यामुळे नव्हे. बाबा रागावले असते, चिडवलं असतं, ‘बघून घेईन’ म्हणाले असते, तर तो खेळ राहिला असता. त्यांनी चिठ्ठी वाचली. मुलीला ज्या गोष्टीचा उपयोग होता ती आपण लिहिली होती, एवढं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि कागद खाली ठेवला. आणि मला सारखं वाटत राहिलं की आमच्या घरात खेळाबाहेर अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या असतील, ज्या उघडून वाचायची वेळच आली नाही. रात्रपाळ्या बदलून घेतलेल्या. माझ्या बारावीच्या वर्षी नाकारलेली बदली. ती नाकारली होती हे मला आत्याकडून कळलं, तेही दहा वर्षांनी.

चिठ्ठी पटाच्या घडीत कुणी ठेवली ते मला माहीत नाही. त्या दिवशी बाकीच्या सगळ्या केरात गेल्या होत्या.

गेल्या रविवारी आम्ही परत सातजण जमलो. पिशवीत हात घालून रंग काढायचा असतो. बाबांना ऑस्ट्रिया आला, मला तुर्कस्तान. त्यांचं वय आता चौऱ्याहत्तर, फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून गॅलरीत त्यांच्यासाठी स्टूल ठेवलंय. दुसऱ्या वर्षीच्या शरदात ते तिथे जाऊन बसले आणि मला खुणेने बोलावलं. चादरी नव्हत्या, नुसत्या रिकाम्या दांड्या, त्यांना खालून थेंब लटकलेले.

“बल्गेरियातून टेकू देशील?” त्यांनी विचारलं.

“देते.”

त्यांनी मान हलवली. परत विचारलं नाही. मी आत आले. जिन्यात कुणीतरी माझी वाट बघत होतं, त्याच्याशीही बोलले. मग टेबलाशी बसले, पाठकोऱ्या कागदाचा तुकडा पुढे ओढला. मामेभावाने घड्याळ बघून “दोन मिनिटं” म्हटलं. गॅलरीतून बाबांच्या स्टुलाचे पाय फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मी ‘बल्गेरिया’ लिहिलं आणि त्यावर सावकाश, एका दमात, शिरोरेषा ओढली.